अर्धधातूंचे अंतरंग

(झरी जामणी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तालुक्यात मार्की-मुकुटबन परिसरात दगडी कोळसा आहे. कोळशाचा मुख्य घटक कार्बन. शिसपेन्सिलीतील ग्राफाइट हा कार्बन आणि हिराही कार्बनच. तरीही ग्राफाइटमधून वीज वाहते, हिऱ्यातून वाहत नाही. मूलद्रव्य एकच असता हा भेद का पडावा? याचे उत्तर पदार्थाच्या इलेक्ट्रॉन-रचनेत आहे.

घन पदार्थातील इलेक्ट्रॉनांना वाटेल ती ऊर्जा धारण करता येत नाही. त्यांच्यासाठी ऊर्जेचे ठरावीक पट्टे असतात. खालचा पट्टा भरलेला व वरचा रिकामा पट्टा फार दूर असेल, तर पदार्थ विद्युत् निरोधक ठरतो. हे अंतर थोडे असेल, तर अर्धसंवाहक. पट्टा अर्धवट भरलेला असेल, तर वीज सुलभतेने वाहते. तो धातू होय. अर्धधातूंत मात्र दोन पट्टे एकमेकांस जेमतेम स्पर्श करतात किंवा किंचित एकमेकांवर येतात. ग्राफाइट आणि बिस्मथ ही त्यांची उदाहरणे होत.

काही अर्धधातूंतील हा स्पर्श सहजासहजी तुटत नाही. बांगडी कितीही वेडीवाकडी केली, तरी ती मोडल्यावाचून तिच्यामधली पोकळी नाहीशी होत नाही. रूप बदलूनही टिकणाऱ्या अशा गुणांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे संस्थितिविज्ञान. म्हणून हे संस्थितिक अर्धधातू. त्यांतील स्पर्शबिंदूंजवळ इलेक्ट्रॉन जणू वस्तुमानच नसल्याप्रमाणे वागतात. अशा वस्तुमानरहित कणाचे समीकरण हेर्मान वाइल यांनी १९२९ मध्ये मांडले होते. त्याच्याशी जुळणारे वर्तन २०१५ मध्ये टँटॅलम आर्सेनाइडच्या स्फटिकात दिसून आले. स्फटिकावर प्रकाशकिरण पाडावयाचे, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजावयाची आणि त्यावरून आतील पट्ट्यांचा नकाशा काढावयाचा, अशी ही अभ्यासाची रीत आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्रही मागे नाही. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबई येथे, बिस्मथचे अत्यंत शुद्ध स्फटिक तपासण्यात आले. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच इलेक्ट्रॉन वीज वाहून नेण्यास मोकळा असतो. इतक्या थोड्या इलेक्ट्रॉनांवर अतिसंवाहकता, म्हणजे विजेचा शून्य रोध, संभवत नाही अशी समजूत होती. परंतु निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.५३ सहस्रांश अंशाखाली बिस्मथ अतिसंवाहक होतो, असे एस. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. हे संशोधन २०१६ च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. अतिसंवाहकतेचा १९५७ मधील प्रस्थापित सिद्धांत येथे अपुरा पडतो.

ग्रामनिधीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणारे आपण विचाराल, की याचा आम्हांस उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. इतक्या थंडीत विहिरीवरचा पंप चालविता येणार नाही आणि या शोधाने उद्या विजेचे बिल कमी होईल, असे आश्वासन मी देणार नाही. परंतु ऊर्जापट्ट्यांची कल्पना १९२८ ते १९३१ या काळात ब्लॉख व विल्सन यांनी कागदावरच मांडली होती. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर निर्माण झाला, तो अर्धसंवाहकांच्या याच ज्ञानाच्या पायावर. आपल्या खिशातील मोबाइल आणि गावातील सौर दिवा हे त्याच वंशातले. सार्वजनिक पैशाने केलेल्या मूलभूत संशोधनाचे फळ अशा रीतीने उशिरा हाती येते, आणि कित्येकदा ते पेरणाऱ्याने कल्पिलेल्या फळाहून निराळे असते.

शिक्षकांना एक विनंती. शिसपेन्सिलीची दोन्ही टोके तासून ती बॅटरीचे दोन-तीन सेल आणि लहान दिवा यांच्या मंडलात जोडावी. दिवा मंदपणे लागेल. मग त्याच जागी लाकडी काडी जोडावी. दिवा का लागत नाही, हे मुलांनाच विचारावे. आपल्या शाळेतील एखादी मुलगी त्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत उद्या मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचू शकेल. तिच्या शाळेत विज्ञानाचे साहित्य आहे किंवा नाही, हे पाहणे मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे.