विंगेतली वही

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमी चालायच्या. संध्याकाळी सातला सुरू आणि दहाला बंद. खाली राहणाऱ्या आजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दहानंतर तुमची रडारड नि खून-मारामाऱ्या चालायच्या नाहीत हो!" गणपती जवळ आले की नदीपात्रातून ढोल-ताशांच्या सरावाचा आवाज यायचा आणि आमच्या हळव्या प्रसंगालाही ठेका मिळायचा.

त्या नाटकात मला भूमिका मिळाली नव्हती. "मग तू वही सांभाळ," असं दिग्दर्शक म्हणाले. आपल्याकडे रंगमंच व्यवस्थापक बहुधा असाच नेमला जातो, कुणाची तरी समजूत काढण्यासाठी. 'व्यवस्थापक' म्हटलं की आपल्याला तारखा घेणारा, गाडी ठरवणारा, हिशेब ठेवणारा माणूस आठवतो. तोही महत्त्वाचाच. पण मी बोलते आहे ती पहिल्या वाचनापासून तालमीत संहिता घेऊन बसणाऱ्या माणसाबद्दल.

त्याचं पहिलं हत्यार म्हणजे खडू. प्रयोग ज्या नाट्यगृहात व्हायचा तिथल्या रंगमंचाचं माप टेपनं घेऊन यायचं आणि तालमीच्या जमिनीवर आखायचं. इथं दार, इथं खिडकी, इथं जिना. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाची जमीन पांढऱ्या सुतानं मापायला सांगितली आहे आणि ते सूत तुटू नये म्हणून जपायलाही सांगितलं आहे. आमचं सूत खडूचं; ते रोज पुसलं जायचं आणि रोज नव्यानं आखावं लागायचं. कुणी रेघ ओलांडून आला की मी ओरडायची, "भिंतीतून आलात!" सगळे हसायचे. पण हौशी संस्थेचं नेपथ्य उभं राहतं ते प्रयोगाच्याच दिवशी. खरं दार नटाला दिसतं तेव्हा हातात जेमतेम काही तास असतात. तोपर्यंत ते दार पायांना पाठ झालेलं हवं.

वस्तूंचंही तसंच. वाक्य म्हणत कपात चहा ओतायचा असेल, तर रिकाम्या हातानं केलेली तालीम फसवी ठरते. ओतायला वेळ लागतो, वाक्य आधीच संपतं आणि नट अवघडून उभा राहतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच कप, किटली आणि पाणी तालमीत आणायचं.

दुसरं हत्यार वही. उजव्या पानावर संहिता, डावं पान कोरं. कोण कुठून आला, कुठल्या शब्दाला उठला, दिवा कधी मंदावला, हे सगळं डाव्या पानावर पेन्सिलीनं टिपायचं. पेन्सिलीनं अशासाठी, की उद्या ते बदलणार असतं. "मी काल इथं बसलो होतो," "छे, उभा होतास," असा वाद पेटला की दिग्दर्शकसुद्धा विचारायचे, "वही काय म्हणते?"

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यातल्या भरत नाट्य मंदिरात झाला. तेंडुलकरांचे शब्द छापील पुस्तकात आहेत. पण ब्राह्मणांच्या रांगेची ती भिंत नेमकी कुठल्या ठेक्यावर वळते आणि कधी फुटते, हे बसवावं लागतं तालमीतच. एकाचं पाऊल चुकलं तरी भिंतीला भोक पडतं. नाटकाचा हा अर्धा भाग छापला जात नाही. तो कुणीतरी लक्षात ठेवावा लागतो.

तिसरं काम सर्वांत अवघड. शब्द पुरवणं, आणि न पुरवणं. आमच्या नाटकात वडिलांच्या हातात मुलाचं पत्र पडतं, असा प्रसंग होता. ती भूमिका करणारे काका पत्र वाचून थांबले. मला वाटलं, विसरले. मी चटकन पुढचा शब्द दिला. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "अगं, विसरलो नव्हतो मी. तो बाप तिथंच तर बोलतोय."

त्या रात्री घरी मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी संहितेतल्या प्रत्येक थांब्यावर गोल करू लागले आणि तो किती श्वासांचा आहे, तेही लिहू लागले. काकांचा तो थांबा चार श्वासांचा होता. रोज चारच.

प्रयोगाच्या दिवशी काका पत्र वाचून थांबले. चार श्वास झाले, पाचवा झाला. पत्र धरलेला अंगठा हलू लागला, तो तालमीत कधी हलत नसे. मी विंगेतून फक्त पहिलं अक्षर दिलं. काकांनी ते उचललं आणि वाक्य पूर्ण केलं. प्रेक्षागृहात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं, ते केवळ तीस संध्याकाळी समोर बसून मोजल्यामुळे.

तिसरी घंटा झाली की दिग्दर्शक प्रेक्षक होतो. मग पडदा, दिवे, संगीत, प्रवेश, सगळं विंगेतल्या या माणसाच्या इशाऱ्यावर चालतं. तालमीत दिग्दर्शक आपलं नाटक थोडं थोडं करून त्याच्या हवाली करत असतो. ते घेणारा माणूस शेवटच्या आठवड्यात आणला, तर तो काय घेणार?

म्हणून हौशी संस्थांना आणि स्पर्धांची तयारी करणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना एक विनंती. ज्या दिवशी भूमिका वाटाल, त्याच दिवशी वही कुणाची हेही ठरवा. उरलेल्याला देऊ नका, निवडून द्या. आणि प्रयोग संपल्यावर ती वही रद्दीत घालू नका.

आमची माझ्याकडे आहे. काका आज नाहीत. पण पत्राच्या प्रसंगासमोरच्या डाव्या पानावर तो पेन्सिलीचा गोल अजून दिसतो, आणि शेजारी आकडा: चार.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)