डेव्हन ॲव्हेन्यूवरचा पक्षी-अभ्यास
शिकागोच्या उत्तर भागातला डेव्हन ॲव्हेन्यू साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांसाठी ओळखला जातो; घरीच शिकणाऱ्या मुलांच्या पक्षी-अभ्यासालाही हा परिसर चांगला आहे. इलिनॉय राज्यात घरी दिलेले शिक्षण १९५० च्या न्यायालयीन निकालापासून खासगी शाळेच्या बरोबरीचे मानले जाते आणि त्यात जीवशास्त्र शिकवावेच लागते. त्यासाठी पक्षी-अभ्यास उपयोगी पडतो; त्याची सुरुवात कार्डिनलपासून करणे उत्तम. १९२९ पासूनचा हा राज्यपक्षी कडाक्याच्या थंडीतही कुठे जात नाही. नर लालभडक, मादी बदामी, तुरा दोघांनाही. जाड चोचीत सूर्यफुलाची बी फिरवून तो टरफल कसे फोडतो, हे खिडकीतून शांतपणे पाहिले की चोच आणि आहार यांचा संबंध मुलांना वेगळा समजावावा लागत नाही. वसंतात चिमुकले वॉर्बलर मिशिगन सरोवराच्या काठाने उत्तरेकडे जातात. मॉन्ट्रोज पॉइंटच्या झुडपांत ते अगदी जवळून दिसतात. शरदात ते परततात, तेव्हा बरेच इमारतींच्या काचांवर आपटून मरतात. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोतल्या मॅकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीपाशी जवळजवळ हजार पक्षी मेले. म्हणून या अभ्यासात एक हातकाम हवेच: घरातल्या खिडकीच्या काचेवर बाहेरून, पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर, मुलांकडून ठिपके चिकटवून घ्यावेत.