दुर्बिणीचे ऑपरेशन

मंडळी, पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली, यकृताला चिकटून एक लहान पिशवी असते. तिला पित्ताशय म्हणतात. यकृतात तयार झालेले पित्त तिथे साठते. जेवण झाले की ते आतड्यात उतरते. तेला-तुपाचे अन्न त्याने पचते. आंबट ढेकर आल्यावर आपण 'पित्त झाले' म्हणतो, ते निराळे बरं का!

या पिशवीत कधी कधी खडे होतात. खडा तोंडाशी अडकला, की माणूस कळ येऊन गडबडा लोळतो. मुतखडा पुष्कळदा लघवीवाटे पडतो. हा तसा पडत नाही. म्हणून त्रास होऊ लागला, की पिशवीच काढतात.

पूर्वी त्यासाठी पोटावर वीतभर चीर घेत. १९८५ साली जर्मनीत डॉ. एरिक म्यूहे यांनी बारीक छिद्रातून दुर्बीण घालून ही पिशवी काढली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी तसेच ऑपरेशन केले. आता बहुतेक माणसे एक-दोन दिवसांत घरी जातात. एक-दोन आठवड्यांत हलक्या कामाला लागतात. पोट फुगवायला आत वायू भरतात, त्याने दोन-तीन दिवस खांदा दुखतो. त्याला भिऊ नये.

पण जखम लहान म्हणून ऑपरेशन लहान नव्हे. शंभरांत साधारण पाच जणांचे पोट मधेच उघडावे लागते. आत सूज असते, नळ्या ओळखू येत नाहीत. घरचे म्हणतात, "डॉक्टरला जमलं नाही." आम्ही म्हणतो, तो डॉक्टर शहाणा! कारण यकृताची मोठी पित्तनळी अगदी शेजारी असते. हजारांत तीन-चार जणांच्या त्या नळीला इजा होते, आणि ते दुखणे फार मोठे.

तेव्हा घरी आल्यावर डोळे पिवळे झाले, थंडी-ताप आला, पोट जास्तच दुखू लागले, तर काविळीची माळ घालून बसू नका. त्याच दिवशी त्याच दवाखान्यात जा. सकाळची वाट पाहू नका.

पिशवी गेल्यावर अन्न पचेल का? पचते. पित्त करणारे यकृत जागेवरच आहे. काहींना थोडे दिवस पातळ जुलाब होतात, इतकेच. भाकरी, वरण, भात खुशाल खावा. हंडा आणि पोते मात्र काही आठवडे उचलू नये. सासूबाई काय म्हणतील ते म्हणोत, पाणी दुसऱ्या कुणी भरावे.