तरुण धर्मप्रचारकाचा एक दिवस
(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात उमरखेड येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'धम्मप्रचार आणि युवक' हा विषय दिला आहे. या विषयावर या मंचावरून पुष्कळ भाषणे झाली आणि त्यातली बरीचशी मीच केली. ती पुन्हा ऐकवून मी तुमचा वेळ घेणार नाही. आज मी परक्या धर्माच्या दोन पोरांची हकिकत सांगणार आहे. आपल्या कार्यक्रमात ती कशाला, असे कोणाला वाटले तर थोडा धीर धरावा.

२०१९ साली मी मुलाकडे बेंगळुरूला तीन महिने होतो. शेजारच्या बिऱ्हाडात दर आठवड्याला दोन मुले यायची. पांढरा सदरा, गळ्यात टाय, खिशाजवळ काळी नावाची पट्टी. एक राजमहेंद्रीचा, दुसरा चेन्नईचा. पट्टीवर नावाआधी 'एल्डर' लिहिलेले. एल्डर म्हणजे वडीलधारा! मिशी नीट न फुटलेल्या पोराच्या छातीवर वडीलधारा लिहिलेले पाहून मला हसू आले आणि त्या हसण्यातूनच ओळख झाली. शेजाऱ्यांना यायला उशीर झाला की मी त्यांना आमच्या घरात बसवून घेई. पहिल्या दिवशी सूनबाईने चहा ठेवला. दोघेही अवघडले, कारण त्यांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. मग लिंबाचे सरबत झाले. आपल्या भागात चहा न घेता कोणी प्रचार करून दाखवावा, असे मला त्या वेळी वाटून गेले.

ही मुले मॉर्मन पंथाची. त्या मंडळींना आता हे नाव आवडत नाही. पंथाचे पूर्ण नावच घ्यावे, असा त्यांच्या प्रमुखांनी २०१८ पासून आग्रह धरला आहे. ते नाव लांब आहे, म्हणून मी जुनेच वापरतो. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने हा पंथ स्थापन केला. त्यांचे मुख्य ठाणे युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी. तरुण मुलाने दोन वर्षे आणि मुलीने इच्छा असल्यास दीड वर्ष घर सोडून प्रचाराला जायचे, ही त्यांची रीत. २०१२ मध्ये त्यासाठीचे किमान वय मुलांना १८ आणि मुलींना १९ वर्षे असे ठरले होते. आज जगभर अशी ७०,००० हून अधिक मुले-मुली फिरत आहेत. पगार नाही. खर्च शक्यतो स्वतःच्या शिलकीतून किंवा घरच्यांनी करायचा. जिथे जमत नाही तिथे मंडळ हातभार लावते. कुठे जायचे हेही मुलाने ठरवायचे नाही. चिठ्ठी येईल तिकडे जायचे.

मी त्यांना दिनक्रम विचारला. सकाळी ६.३० ला उठणे, व्यायाम, आंघोळ, मग वाचन. आधी एकट्याचे, नंतर दोघांचे मिळून. त्यानंतर दिवसभर बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खोलीवर आणि १०.३० ला दिवा बंद. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजाराला आणि पत्रे लिहायला. पूर्वी घरी फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. ते बंधन फेब्रुवारी २०१९ मध्ये सैल झाले आणि दर आठवड्याला फोनची मुभा मिळाली. राजमहेंद्रीचा मुलगा म्हणाला, "अंकल, पहिल्या फोनवर आई काही बोललीच नाही. नुसती रडली. मग मीही."

"चौदा महिन्यांत किती माणसे तुमच्याकडे आली?" मी विचारले. त्याने दोन बोटे दाखवली. त्यातले एक नंतर यायचे थांबले. बाकीचा काळ म्हणजे उन्हात चालणे, बसची वाट पाहणे आणि वेळ देऊन ऐनवेळी घरी न सापडणारी माणसे. शिवाय बोलावल्याशिवाय आम्ही कोणाच्या दारी जात नाही, असेही त्याने सांगितले.

त्यांच्याकडची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. पूर्वी या मुलांना पाठ ठरवून दिलेले असत, आणि ते पाठ करून तसेच म्हणून दाखवायचे असत. २००४ मध्ये नवे मार्गदर्शक पुस्तक आले आणि समोरच्या माणसाकडे पाहून आपल्या शब्दांत शिकवावे, असे ठरले. हे ऐकले आणि मला माझे पाठ केलेले भाषण आठवले.

१९७४ चा वर्षावास असावा. मी बावीस वर्षांचा होतो, शिक्षकाची पदविका नुकतीच हातात आलेली. मी आणि माझा एक मित्र सायकलवर पैनगंगेच्या काठच्या खेड्यांत बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचायला जात असू. एका वस्तीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी गेलो. बाईंनी बसायला पोते टाकले, तांब्याभर पाणी दिले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली देवळीत एक जुना, काळवंडलेला टाक. मी टाक पाहिला आणि पाणी पिण्याआधीच सुरू झालो. बावीस प्रतिज्ञा, अंधश्रद्धा, नागपूरची दीक्षाभूमी, सगळे पाठ होते. वीस मिनिटे बोललो. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बापू, तू इचाराले आला का सांगाले?" मी म्हणालो, "सांगायला." त्यांनी तांब्या उचलला, आत गेल्या आणि दार लोटून घेतले.

परतताना गावातल्या एका गृहस्थाने खरी गोष्ट सांगितली. बाईंचे मालक १९५६ ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. टाक त्यांच्या आईचा. म्हातारीच्या जीवाला लागेल म्हणून ते म्हणाले होते, "माय आहे तवर राहू दे, मग काढू." पुढच्याच वर्षी ते वारले. मागून सासूही गेली. टाक काढायचा राहिला तो राहिलाच, कारण तो काढणारा हात गेला होता. त्या घराने मला हे सांगितले असते. मी विचारलेच नाही.

आता त्या मुलांकडे परत येतो. त्यांचे सारे गोड वाटून घेण्यासारखे नाही. मी आंबेडकरी माणूस. मी त्यांना नेमका प्रश्न विचारला. त्यांच्या पंथात पौरोहित्य कोणा एका घराण्याकडे नसते, प्रत्येक लायक पुरुषाला ते मिळते. परंतु काळ्या वर्णाच्या पुरुषांना ते जून १९७८ पर्यंत मिळत नव्हते. स्त्रियांना आजही मिळत नाही. १९७८! बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला बावीस वर्षे होत आली होती. त्याच वर्षी २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पैनगंगेच्या पलीकडे आपल्या लोकांची घरे जळाली. मी म्हणालो, "मुला, तुझा रंग माझ्यासारखाच आहे. तू याचे काय उत्तर देतोस?" चेन्नईचा मुलगा काहीतरी सावरू लागला. राजमहेंद्रीच्या मुलाने त्याला हाताने थांबवले आणि म्हणाला, "अंकल, ते तसे होते. का होते याचे चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. वाचले तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नाही." मी त्याचा धर्म घेतला नाही आणि घेणारही नाही. परंतु त्या दिवसापासून तो आला की मी उठून दार उघडू लागलो.

ही मुले नेहमी जोडीने फिरतात. जोडीदाराला सोडून जायचे नाही असा नियम आहे. येशूनेही आपल्या शिष्यांना दोघे-दोघे पाठवले होते. आपल्याकडे नेमके उलट आहे. इसिपतनात पहिला वर्षावास संपल्यावर तथागतांनी साठ अर्हतांना बहुजनांच्या हितासाठी चारिकेला पाठवले आणि एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे सांगितले. माणसे साठ आणि मुलूख मोठा, हे एक कारण असेल. पण ते साठ जण अर्हत होते, हेही विसरू नये. बावीस वर्षांच्या शिक्षकाला एकटे पाठवले काय किंवा मित्राबरोबर पाठवले काय, तयारी नसेल तर तो तांब्याभर पाणीही घालवून येतो.

तयारी कशी असावी हे पूर्ण स्थविरांच्या कथेत आहे. ते सूनापरान्तात जायला निघाले. हा प्रदेश म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा परिसर, असे मानतात. तेथेच १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. तथागतांनी पूर्णांना एकही पाठ म्हणायला लावला नाही. तिथली माणसे तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, हात उचलला तर, दगड मारले तर, जीव घेतला तर, एवढेच एकामागून एक विचारले. प्रत्येक वेळी पूर्णांनी त्या माणसांत काही चांगले शोधून उत्तर दिले, आणि मग त्यांना जाण्याची अनुज्ञा मिळाली.

महाराष्ट्रात मॉर्मन प्रचारक काही आजच आलेला नाही. १८५२ साली स्कॉटलंडचा ह्यू फिंडले हा तिशीचा तरुण मुंबईला उतरला आणि तेथून पुण्याला गेला. छावणीत गोऱ्या सैनिकांपुढे बोलायला लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला मज्जाव केला. १८५५ पर्यंत तो टिकला आणि मूठभर माणसांचे मंडळ उभे करून परतला. त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, जोतिराव आणि सावित्रीबाई महार-मांगांच्या मुलांना अक्षरे शिकवीत होते. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात जोतिरावांचा सरकारी सत्कार झाला. रस्त्यात अंगावर चिखल मात्र सावित्रीबाईंनीच झेलला. फिंडलेच्या चिकाटीला मी कमी लेखत नाही. पण तो परलोकाचे सांगत होता आणि हे दोघे पाटी देत होते, हा फरक आहे. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारले आहे की भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा आहे की समाजसेवक.

पुढच्या वर्षावासात आपले सहा युवक खेड्यांत जाणार असल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले, याचा मला आनंद आहे. माझी एवढीच विनंती आहे, पहिला महिनाभर त्यांना भाषण करू देऊ नये. वही न्यावी. शाळा सोडलेली पोरे किती, शिष्यवृत्तीचे अर्ज कोणाचे अडले, म्हाताऱ्यांचे निराधारांचे पैसे येतात की नाही, हे विचारून लिहून आणावे. ग्रंथ जरूर न्यावा. कोणी मागितला की उघडावा.

आणि एक खाजगी काम आहे. त्या वस्तीत मी पुन्हा गेलो नाही, लाज वाटली. त्या बाई आता नाहीत, घरी नातू असतो असे कळले आहे. येत्या रविवारी तुमच्यापैकी कोणी मला मोटारसायकलवर तिकडे न्यावे. माझे गुडघे सायकल मारू देत नाहीत. आधी पाणी मागून पिईन, मग त्याला त्याच्या आजीबद्दल विचारीन.

जयभीम. नमो बुद्धाय.