माघारीची तयारी विचारली, तर बिघडलं कुठे?

आज एका पत्राची गोष्ट.

मे २००७. इराकमध्ये युद्ध पेटलेलं. अमेरिकी सिनेटच्या लष्करविषयक समितीतल्या हिलरी क्लिंटन यांनी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना पत्र लिहून विचारलं, की उद्या सैन्य परत आणायचं ठरलं तर तयारी काय आहे?

जुलैत उत्तर आलं, ते खात्याचे अधिकारी एरिक एडलमन यांचं. माघारीच्या अशा उघड चर्चेने शत्रूच्या प्रचाराला बळ मिळतं, असा त्याचा सूर. म्हणजे विचारणाराच दोषी! गदारोळ झाल्यावर गेट्स यांनी कळवलं, की नियोजन सुरू आहे आणि मी स्वतः त्यात लक्ष घालतोय.

आता बघा, माघार म्हणजे विमानात बसून घरी येणं नव्हे. गाड्या, दारूगोळा, कुवेतकडे जाणारे रस्ते, साथ दिलेले दुभाषे, सगळ्यांचा विचार आधी करावा लागतो. तारखा गुप्त ठेवा ना, पण बंद दाराआड समितीला तरी सांगा.

काबूल आठवा. शेवटचं विमान ३० ऑगस्ट २०२१ ला उडालं. सिनेटच्या त्याच समितीपुढे सेनापतींची जाहीर झाडाझडती झाली २८ सप्टेंबरला. तेव्हा उत्तरं मिळाली, पण गेलेली माणसं परत आली नाहीत.

म्हणून प्रश्न आधीच विचारायचा असतो. भेटू पुढच्या भागात.