खांदेरीचा दिवा

आमचे दादा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, बोटीवर खलाशी होते. नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा आम्ही मुलं त्यांना विचारायचो, 'दादा, मुंबई जवळ आली हे रात्री समुद्रात कसं कळायचं?' ते म्हणायचे, 'मुंबई नंतर. आधी खांदेरीचा दिवा.'

खांदेरी हे अलिबागजवळ, थळच्या किनाऱ्यासमोरचं लहानसं बेट. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. बांधकामावर मायनाक भंडारी, आरमारावर दौलतखान. मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर इथून नजर राहणार, म्हणून इंग्रजांनी नाकेबंदी केली, लढाई केली. पण किल्ला उभा राहिलाच. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा डागू लागली. १७१८ मध्ये इंग्रज पुन्हा चालून आले. कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी त्यांना परतवलं.

पुढे सत्ता बदलली आणि याच तटबंदीच्या आत, उंचवट्यावर, १८६७ मध्ये दीपगृह उभं राहिलं. दोनच वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईची जहाजवाहतूक वाढत गेली.

दीपगृह उंचावर का बांधतात? किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर दिसतं. ५० मीटर उंचीवरून तेच २५ किलोमीटरवर जातं. पण उंचीइतकंच महत्त्व भिंगाला. १८२०च्या दशकात फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या कड्यांचं भिंग तयार केलं. दिव्याचा इकडेतिकडे पसरणारा उजेड ते गोळा करतं आणि एका झोतात दूरवर फेकतं. फिरत्या दीपगृहात दिवा जागच्या जागी असतो, भिंग त्याच्याभोवती फिरतं. जुन्या दीपगृहांत ते घड्याळासारख्या यंत्राने फिरे. त्याचं वजन खाली उतरलं की रात्री-अपरात्री उठून किल्ली द्यावी लागे. वात कापायची, काच पुसायची, तेल भरायचं, ही कामं वेगळीच.

प्रत्येक दीपगृहाची लुकलुक ठरलेली असते. किती झोत, किती सेकंदांनी, यावरून खलाशी ठिकाण ओळखतो. दादांना अक्षरं फारशी वाचता येत नसत. दिवे मात्र वाचता यायचे.

आता जहाजावर उपग्रहाच्या मदतीने जागा कळते. १९२७चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं. त्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. याचा आनंद आहेच. लोक जातील, बुरूज पाहतील, तोफांजवळ फोटो काढतील. माझी एवढीच विनंती, की दीपगृहापाशीही थोडं थांबा. ज्या बेटावरून येणारं जहाज आपलं की परकं हे आधी पाहिलं जाई, तिथला दिवा ते कुणालाच विचारत नाही. यंत्र बंद पडलेल्या मचव्यालाही तो दिसतो.

दादा म्हणायचे, 'त्या दिव्यापाशी जागणाऱ्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पण मी त्याचं देणं लागतो.' काही वर्षांपूर्वी थळहून होडीने मी खांदेरीला गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याला दादांचं हे बोलणं सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, 'बसा, चहा टाकतो.'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)