हलत्या खुर्चीतला सिनेमा



‘फोरडीएक्स’ नावाचा सिनेमाचा प्रकार आता आपल्याकडेही आलाय. पडद्यावर गाडी वळली की आपली खुर्ची कलते, वादळात वारा सुटतो, पावसात चष्म्यावर तुषार उडतात. शिवाय धूर आणि वासही! २००९ मध्ये हे दक्षिण कोरियात सुरू झालं. कल्पना मात्र जुनी. अमेरिकेत मॉर्टन हायलिग यांनी १९६२ मध्येच अशा ‘सेन्सोरामा’ यंत्राचं पेटंट मिळवलं होतं.

नातवाबरोबर मीही अनुभव घेतला. मजा आली. पाण्याचे तुषार नको असतील तर खुर्चीच्या हातावर बटण असतं; हादरे मात्र सोसावेच लागतात. म्हणून मान, पाठ, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी तिथली सूचना आधी नीट वाचावी. बारीक अक्षरातलं वाचायची ही बँकेतली सवय!

आमच्या सौ.ने मणक्याचं दुखणं नातवाला स्पष्ट सांगितलं. तो लगेच म्हणाला, “आजी, मग आपण साध्या खुर्चीतला बघू.” ज्येष्ठांनो, मुलांच्या हौसेपायी दुखणं लपवू नका. आणि मुलांनो, तिकीट काढण्याआधी आजी-आजोबांना एकदा विचारा.